नॅना स्पॅनर

पहिल्या भेटीत तिने मला माझं नाव विचारलं नाही. मी क्लिनिकच्या क्वार्टरपुढे बॅग उतरवत होते आणि ती कुंपणापाशी उभी होती. उंच, हाडकुळी गोरी म्हातारी, हनुवटीखाली नाडी बांधलेली हॅट, एप्रनच्या खिशातून बाहेर डोकावणारा लोखंडी पाना. मी आत या म्हटल्यावर आली आणि म्हणाली, “तुझ्या बाथरूममध्ये गरम पाणी येतं का?”

“येत असेल बहुतेक.”

“बहुतेक?”

ती सरळ आत शिरली. नळ सोडून धारेखाली बोट धरलं, फ्लश ओढला, गुडघे टेकून मोरीचं पाणी वाहतंय का ते पाहिलं. “येतंय. तुझ्याकडे येणारच म्हणा, क्लिनिकची क्वार्टर आहे,” असं जणू माझाच गुन्हा असल्यासारखं बोलून ती निघून गेली. वस्तीतली पोरं तिला नॅना स्पॅनर म्हणायची. नॅना म्हणजे आजी, आणि स्पॅनर म्हणजे तो पाना.

ती आणि तिचा नवरा मिशनरी होते. दोघंही पंचाहत्तरीच्या आसपासचे. त्याने आयुष्यभर बेकरी चालवलेली, ती हेडमिस्ट्रेस म्हणून रिटायर झालेली. त्यांच्या वयाची माणसं इथे ऑस्ट्रेलियात कॅरव्हॅन घेऊन देशभर हिंडतात, नाहीतर समुद्राकाठी छोटं युनिट घेऊन गुलाब लावतात. हे दोघं ॲलिस स्प्रिंग्सपासून पाच तासांवरच्या या ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, वस्तीत दोन वर्षांसाठी म्हणून आले होते, आणि मी पोचले तेव्हा त्यांचं सहावं वर्ष चालू होतं.

मी नर्स. घर मेलबर्नला, ट्रुगानिनात. नवरा आयटीत, मुलगा शाळेत, आणि मी वर्षातून दोन-तीनदा सहा-सहा आठवड्यांची दूरच्या क्लिनिकची कॉन्ट्रॅक्ट घ्यायचे. मिशनरी हा शब्द ऐकूनच माझं डोकं तापलं होतं. आम्ही नागपूरचे बौद्ध. माझ्या आजोबांनी धर्म बदलला तो स्वतःच्या अकलेने, ताठ मानेने, आपल्या माणसांसोबत उभं राहून. कुणी बिस्किटं वाटून त्यांना बदललं नव्हतं. त्यात या वस्तीत पूर्वी मिशनचं वसतिगृह होतं. मुलांना आईबापांपासून तोडून तिथे ठेवायचे, आणि स्वतःच्या भाषेत एक शब्द बोललं की मारायचे. त्याच मंडळींची माणसं पुन्हा इथे? मी ठरवलं होतं, हिच्याशी ‘हॅलो’च्या पुढे जायचं नाही.

पण दुसऱ्याच आठवड्यात एका पेशंटचं घर सापडेना, म्हणून नाइलाजाने तिला सोबत घेतलं. मी झपाझप दाराकडे निघाले तशी तिने माझं कोपर धरून मागे ओढलं.

“दार वाजवायचं नाही. इथे कुंपणाशी उभी राहा. आपण आलोय हे त्यांना दिसलंय. बोलावतील.”

“आणि नाही बोलावलं तर?”

“तर उद्या येऊ.”

आम्ही उन्हात वीस मिनिटं उभ्या होतो. कुत्री येऊन हुंगून गेली. लाल धूळ घामाला चिकटत होती. मला आजी आठवली. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीपासून दूर, घागर घेऊन तिला उभं राहावं लागायचं, कुणी दया येऊन वरून पाणी ओतेपर्यंत. दुसऱ्याच्या मर्जीची वाट बघत बाहेर उभं राहणं आमच्या घराण्याने भरपूर केलंय. इथे चित्र उलटं होतं. गोरी म्हातारी बाहेर उन्हात, आणि तिला आत घ्यायचं की नाही ते ठरवणार घरातली काळी बाई. खोटं कशाला बोलू, मला ते बघून फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी आपणहून तिच्यासोबत गेले.

तिचा रोजचा कार्यक्रम असा. सकाळी नवऱ्याने भाजलेला पाव पिशवीत घालायचा आणि घरोघर निघायचं. घरात बोलावलं की पाव द्यायचा आणि बाथरूम कुठे ते विचारायचं. नळ, शॉवर, फ्लश, मोरी, कपडे धुवायचं मशीन. गळका नळ ती तिथेच दुरुस्त करायची. तिचा बाप प्लंबर होता, हात त्याचाच. जे तिच्या हाताबाहेरचं, तुंबलेला ड्रेन, फुटलेला पाइप, बंद पडलेला गीझर, ते वहीत घराच्या नंबरासकट लिहायची आणि दुपारी घरांच्या दुरुस्तीचं काम बघणाऱ्या ऑफिसला फोन लावायची. तो फोन म्हणजे वस्तीतली करमणूक होती. पलीकडून होल्डवरचं संगीत चालू, ही स्पीकर लावून टेबलाशी बसलेली, शेजारी नवरा कणीक मळतोय. शेवटी कुणीतरी फोन उचलायचं, तक्रार नोंदवून घ्यायचं आणि सवयीने म्हणायचं, “नो वरीज!”

“आहेत!” ही ओरडायची. “वरीज आहेत! त्यासाठीच तर फोन केलाय!”

ते दोन शब्द तिच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. एकदा मी चुकून म्हटलं, तर तिने मला रस्त्यातच उभं करून खरोखर काळजी करण्यासारख्या सात गोष्टी मोजून दाखवल्या.

देवाशीसुद्धा तिचं असंच. प्रार्थनेच्या वेळी सगळे डोळे मिटायचे, ही उघडे ठेवायची. मी विचारलं तर म्हणाली, “एक तर माश्या फार आहेत. आणि मी सध्या त्याच्यावर रागावलेय. रागावलं की डोळ्यांत बघून बोलावं.” रविवारी तिचा नवरा प्रवचन द्यायचा. गोड माणूस, पण बोलायला लागला की बेकरीच्या भट्टीपासून बेथलेहेमपर्यंत कुठेही पोचायचा. सात मिनिटं झाली की पहिल्या बाकावरून ही खोकायची. दुसऱ्या खोकल्याला ‘आमेन’.

एकदा मी धीर करून विचारलं, “मग तुम्ही धर्मांतर कुणाचं करता?”

“कुणाचं करू? आंटीला बायबल माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. मार खाऊन पाठ झालंय तिचं. मी तिला काय शिकवणार?”

आंटी म्हणजे वस्तीतली सगळ्यांत मानाची बाई. आपल्यासारखंच तिथेही मोठ्या बाईला आंटी म्हणतात. सत्तरीची, बुटकी, बोलणं कमी आणि नजर जास्त. ती त्या वसतिगृहात वाढलेली. या पान्याची गोष्ट मला तिनेच सांगितली.

“ही आली तेव्हा बायबल छातीशी धरून माझ्या अंगणात रडायला लागली. म्हणे, आमच्या लोकांनी जे केलं त्याबद्दल सॉरी. मी म्हटलं, सॉरी म्हणायला दरवर्षी कुणीतरी येतंच. माझा नळ गळतोय, तो जमतो का बघ.” आंटी हसली. “बायबल खुर्चीवर ठेवलं आणि पाना मागायला गेली. तेव्हापासून चालू आहे.”

मिशनच्या मुख्य ऑफिसला मात्र हे पटत नव्हतं. दर तीन महिन्यांनी तिकडून फॉर्म यायचा. प्रार्थनेला किती येतात, बाप्तिस्मे किती झाले, एखादा प्रेरणादायी प्रसंग. ती पहिल्या रकान्यात प्रामाणिकपणे ‘आठ, आणि पाव ताजा असला तर चौदा’ लिहायची, दुसऱ्यात शून्य, आणि प्रसंगाच्या जागी बंद शॉवर असलेल्या घरांची यादी. तिकडून फोन आला की ही मुलांवर ओरडणाऱ्या हेडमिस्ट्रेसच्या आवाजात सांगायची, “तुम्हाला प्रेरणा मिळाली नाही का? मला तर ती यादी वाचून रोज मिळते.”

मला हसू यायचं तिचं. पण मग आंटीची नात आजारी पडली आणि हसणं संपलं.

नऊ वर्षांची पोर. क्लिनिकमध्ये आली की माझ्या हातमोज्यांचे फुगे करून त्यांवर चेहरे काढायची. अंगावर फोड, घसा दुखणं, ताप, मग गुडघे सुजणं, आणि शेवटी तपासणीत कळलं की हृदयाची झडप बिघडलीय. श्रीमंत देशात हा आजार आता कुणी बघतसुद्धा नाही. गर्दीच्या घरात, आंघोळीला आणि कपडे धुवायला पाणी नीट नसलं की फोड आणि घसा बरा होत नाही आणि तिथून आजार हृदयापर्यंत जातो. उपाय म्हणून दर अठ्ठावीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, आणि ते मोठ्या माणसाला रडवेल असं दुखतं. आंटीच्या घरात अकरा माणसं. शॉवर आदल्या उन्हाळ्यापासून बंद, भिंतीतला पाइप फुटलेला, नॅनाच्या हाताबाहेरचा. सगळे अंगणातल्या एका नळावर आंघोळ करायचे, थंडीतसुद्धा. मी त्या पोरीला इंजेक्शन द्यायचे, स्टिकर द्यायचे, आणि परत त्याच घरी पाठवायचे. हा काय उपचार झाला?

माझ्या तिसऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या वेळी त्या दुरुस्तीच्या ऑफिसचे तिघं अधिकारी छोट्या विमानाने आले. हॉलमध्ये मीटिंग, भिंतीवर स्लाइड्स, सॅंडविचची तबकं. घरं सुधारण्याबद्दल ‘लोकांचं म्हणणं ऐकून घेण्यासाठी’ आल्याचं त्यांच्या मुख्य बाईने सांगितलं. आंटी उभी राहिली आणि तिच्या घरातल्या शॉवरबद्दल बोलली. किती वेळा कळवलं, कुणी काय उत्तर दिलं, नातीला काय झालं. आवाज न चढवता, सगळं क्रमाने.

“तुमची गोष्ट आम्हाला सांगितल्याबद्दल मनापासून आभार,” मुख्य बाई म्हणाली.

“गोष्ट नाही,” आंटी म्हणाली. “शॉवर.”

चहाची सुट्टी झाली. थोड्या वेळाने मुख्य बाई टॉयलेटमधून बाहेर आली ती दोन्ही हात साबणाने माखलेले वर धरून. नळाला पाणी नव्हतं. फ्लशलाही नव्हतं. हॉलच्या मागे मेन व्हॉल्व्ह पान्याने घट्ट आवळून नॅना तिथेच खुर्ची टाकून बसली होती.

“पाणी कुणी बंद केलं?”

“मी,” नॅना म्हणाली.

“मी करायला सांगितलं,” आंटी पुढे होऊन म्हणाली. “हॉल आमचा आहे. हात धुवायचे तर माझ्या घरी चला. अंगणातला नळ चालू आहे.”

एक तरुण अधिकारी खरोखर गेला, आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मुख्य बाईने कागदी नॅपकिनने साबण पुसला आणि मीटिंग पुढे सुरू केली. मग ती माझ्याकडे वळली. “सिस्टर, क्लिनिकच्या दृष्टीने काही काळजीची बाब आहे का?”

हॉलमधल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फाइल माझ्या मांडीवर होती. पोरीचे रिपोर्ट त्यात होते. पण क्लिनिकच्या मॅनेजरने सकाळीच सांगितलं होतं, मीटिंगमध्ये फक्त ऐकायचं. माझं पुढचं कॉन्ट्रॅक्ट अजून ठरायचं होतं. पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, नुकताच हातात आला होता. या देशात आपण तक्रारखोर दिसायचं नाही, हे इतकी वर्षं अंगात भिनलेलं.

“वी आर मॅनेजिंग,” मी म्हणाले.

मुख्य बाईने ते लिहून घेतलं. नॅना दारात उभी होती. ती माझ्याकडे रागाने बघेल असं वाटलं होतं, तर तिने नुसतीच मान खाली घातली. तिचा राग मला चालला असता.

दोन दिवस ती क्लिनिककडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी मीच तिच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिले. बराच वेळ कुणी बोलावलं नाही. मग तिच्या नवऱ्याने हाक मारली.

“रागावलात माझ्यावर?” मी विचारलं.

“तुझ्यावर रागवायला वेळ कुठाय? मिशनमधून फोन आलाय. आम्हाला परत बोलावलंय.”

“आपण थकलो आहोत,” नवरा कणीक मळता मळता म्हणाला. “तसं आपल्याला कळवण्यात आलंय.”

तक्रार गेली होती. सरकारी पाहुण्यांशी असभ्य वर्तन, संबंध बिघडवले, आणि शेवटी ‘वयोमानानुसार विश्रांतीची गरज’. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, “मी मिशनला पत्र लिहिते. तुम्ही इथे काय केलंय ते सांगते त्यांना.”

आता मात्र ती भडकली. “माझ्यासाठी? मला पेन्शन आहे, घर आहे, घरात गरम पाणी आहे. माझ्यासाठी पत्र कशाला? लिहायचं असेल तर त्या दिवशी जे बोलली नाहीस ते लिही!” तिने पाना टेबलावर आदळला. “आंटीने सगळ्यांसमोर सांगितलं की पाणी तिने बंद करायला लावलं. तिच्याविरुद्ध एक ओळ तरी आहे का तक्रारीत? नाही. चार वर्षं ती वस्तीतल्या घरांबद्दल तेच बोलतेय, कुणी ऐकत नाही. मी एक व्हॉल्व्ह आवळला तर दोन दिवसांत फोन. अगं, तिला दोष देण्याइतकंसुद्धा कुणी मोजत नाही!”

ते निघाले त्या दिवशी रडारड झाली नाही. आंटी गाडीपाशी आली आणि तिने नॅनाकडे वही मागितली. “ही इथेच राहू दे. आमच्या घरांची आहे.” नॅनाने ती दोन्ही हातांनी दिली. गाडी गेली. पोरं काही अंतर मागे धावली. मी क्लिनिकमध्ये येऊन कॉम्प्युटर उघडला.

दुरुस्तीच्या ऑफिसला एका पानाचं पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. घराचा नंबर, माणसं किती, शॉवर कधीपासून बंद, पोरीचा आजार आणि त्याचा आंघोळीच्या पाण्याशी काय संबंध आहे ते. आंटीसमोर वाचून दाखवलं. तिने दोन चुका सुधारल्या आणि पाठव म्हणाली. पाठवायच्या आधी नवऱ्याला फोन केला.

“तू कशाला मध्ये पडतेस?” तो म्हणाला. “कॉन्ट्रॅक्ट जाईल. आणि खरं सांगू का, त्या लोकांना सगळं फुकट मिळतं सरकारकडून, तरी त्यांना...”

“पूर्ण कर ना वाक्य.”

“काय झालं?”

“हे वाक्य मी शाळेत ऐकलंय. कॉलेजात स्कॉलरशिपच्या रांगेत ऐकलंय, मागे उभ्या असलेल्या मुलींकडून. तूही ऐकलंयस. हॉस्टेलला असताना तू एकाची कॉलर धरली होतीस या वाक्यासाठी. आता तूच म्हणतोस?”

फोनवर मागून मुलाचा आवाज आला, “इज दॅट मम? इज शी क्राइंग?”

“नाही रे, चिडलीय,” त्याने त्याला सांगितलं. मग मला म्हणाला, “स्पेलिंग नीट बघ, आणि पाठव.”

पत्र गेलं. सहा आठवडे संपल्यावर मी मेलबर्नला आले. पुढच्या कॉन्ट्रॅक्टसाठी विचारलं तर रोस्टर भरलाय असं कळलं. त्याच्या पुढच्या वेळीही भरलेलाच होता. मी घराजवळच वेरिबीला वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये शिफ्ट घ्यायला लागले.

दोन महिन्यांनी आंटीचा फोन आला. प्लंबर आला होता. शॉवर चालू झाला. मग नातीला झडपेच्या ऑपरेशनसाठी मेलबर्नला आणलं, आंटी सोबत. मी रोज डबा घेऊन हॉस्पिटलला जायचे. आंटीने वरण-भात खाऊन मीठ कमी असल्याचं सांगितलं. ऑपरेशन नीट झालं. पोरीच्या छातीवर गळ्यापासून खाली टाक्यांची रेघ आहे. नऊ वर्षांच्या पोरीला ती रेघ एका शॉवरपायी मिळाली, हे मी कुठल्याही देवाला, कुठल्याही ऑफिसला माफ करणार नाही.

ती सुखरूप घरी पोचल्यावर मी नॅनाला भेटायला गेले. दोघं वेरिबीतच एका छोट्या युनिटमध्ये राहतात, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. तिच्या नवऱ्याची स्मरणशक्ती आता विरत चाललीय. माझं नाव त्याला आठवलं नाही, पण वस्तीतल्या सगळ्या कुत्र्यांची नावं घेऊन त्याने खुशाली विचारली. भिंतीवर काही नव्हतं. मिशनने पाठवलेलं चौकटीतलं आभारपत्र गॅरेजमध्ये रंगाच्या डब्याखाली ठेवलेलं होतं, जमिनीवर डाग पडू नयेत म्हणून.

मी मोठ्या अभिमानाने बातमी सांगितली. प्लंबर, शॉवर, ऑपरेशन. तिने ऐकून घेतलं. पोरीचं ऐकताना तिने डोळे पुसले. मग विचारलं, “किती घरांचं झालं?”

“आंटीचं.”

“आणि बाकीची?”

“मी त्या एका घराबद्दल लिहिलं होतं. पेशंट त्या घरातली होती ना.”

“बाकीच्या घरांत तुझे पेशंट नव्हते?”

होते. सात नंबरमधली दोघं भावंडं, बारा नंबरमधली गरोदर बाई. सगळ्यांच्या फोडांना पट्ट्या मीच तर बांधल्या होत्या. मी म्हटलं, “आता मी तिथे कामालाही नाही. माझं कोण ऐकणार?”

“नाही ऐकणार. मग?”

मला राग आला. तिचा, त्या ऑफिसचा, माझ्या कॉन्ट्रॅक्टचा, सगळ्यांचाच. मी म्हटलं, “माझं काम गेलं त्या पत्रापायी! तुम्हाला ठाऊक तरी आहे का?”

“ठाऊक आहे. आंटीने सांगितलं,” ती शांतपणे म्हणाली. “म्हणजे आता घालवण्यासारखं काही उरलं नाही.”

तिने टेबलावरचा बिस्किटांचा डबा बाजूला सारला, कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं, आणि घरं पाठ म्हणायला लागली. चार नंबर, ड्रेन तुंबलेला. सात नंबर, गीझर बंद. नऊ नंबर, टॉयलेटच नाही म्हटलं तरी चालेल. वही नव्हती, तरी एकही घर सुटलं नाही. म्हणून झाल्यावर ती चहा ठेवायला उठली.

“आंटीला आजच फोन कर,” ती जाता जाता म्हणाली. “तिची सही आधी, तुझी खाली. आणि तारीख घाल वर. नाहीतर म्हणतील, पत्र कधी आलं ते कळलंच नाही.”

मी तारीख घातली, आणि चार नंबरच्या घराबद्दल लिहायला लागले.